शांतिवृक्षाला घातलेलं मीठ

मेडनहेडच्या केतकीचा फोन आला. ती आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक. म्हणाली, काका, सगळे सॉफ्टवेअरवालेच लेख देतायत, तुम्ही तुमच्या नोकरीचं लिहा. मी म्हटलं, अगं, गवत कापलं, गवत वाढलं, परत कापलं, असं सत्तावीस वर्षं. झाला लेख. तर म्हणे एवढ्यावर भागणार नाही, दोन हजार शब्द हवेत. मी सातवी नापास माणूस. शुद्धलेखन ती सुधारणार आहे, पण मजकुराला हात लावायचा नाही असं तिला बजावलंय. कारण यात एक कबुली आहे. आमच्या पार्कातल्या शांतता कमिटीच्या चेअरमनसाहेबांना ती द्यायची माझी अजून हिंमत झालेली नाही. ते मराठी वाचत नाहीत, हे एक बरं आहे.

माझं गाव देवगडच्या बाजूचं. लग्न झालं तेव्हा शालिनी मुंबईत नर्स होती. पुढे तिला इकडे इंग्लंडच्या हॉस्पिटलने बोलावलं. मला कोणीच बोलावलं नव्हतं, मी सामानाबरोबर आलो. आधी हॉस्पिटलातच ट्रॉल्या ढकलल्या, मग हॅरोच्या एका पार्कात कौन्सिलचा माळी झालो.

लोकांना वाटतं, माळी म्हणजे गुलाब. गुलाबाचं काम वर्षाला वीस दिवसांचं. बाकीचे दिवस कुत्र्यांच्या शीच्या पेट्या रिकाम्या करायच्या, बाकांवर कोरलेली प्रेमं घासायची, आणि पानं उडवायचं मशीन पाठीवर घेऊन पानं इथून तिथे न्यायची. वारा ती परत आणून देतो. शिवाय आमच्याकडे गिऱ्हाईक असतं. पार्क फुकट असल्यामुळे ते जास्तच मालकी दाखवतं. एक बाई दर वसंतात तक्रार लिहायच्या की कावळे पहाटे पाचला ओरडतात, ते सातला सुरू करता येतील का. मी साहेबांना विचारून सांगतो म्हणायचो. एक म्हातारा बोलिंगच्या, म्हणजे गवतावर जड चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, हिरवळीवर पालथा पडून नखं कापायच्या कात्रीने गवत सारखं करायचा, कारण माझं मशीन त्याला रानटी वाटायचं. आणि एक गृहस्थ रोज कासव फिरवायला आणायचे. गळ्यात पट्टा नव्हता, पण मागून चालताना ते हात असे धरायचे की पट्टा आहेच. तलावाला एक फेरी व्हायला त्यांना जेवणाची वेळ व्हायची.

अशा या पार्कात बारा-तेरा वर्षांपूर्वी अणुबॉम्ब आला. म्हणजे त्याच्या नावाचं झाड आलं.

चेअरमनसाहेब रिटायर झालेले भूगोलाचे मास्तर. त्यांची कमिटी दर सहा ऑगस्टला सकाळी सव्वाआठला जमायची, कारण हिरोशिमावर बॉम्ब पडला तो सव्वाआठला. त्या वर्षी त्यांनी ग्लासगोहून एका जपानी बाईंना आणलं. ओकामोटोबाई. एवढीशी मूर्ती, डोक्यावर पांढरी कापडी टोपी. नवरा स्कॉटिश होता, तो वारलेला, त्या लेकीकडे राहायच्या. त्यांनी स्वतःच्या गावच्या देवळातल्या चेरीचं बी आणून कुंडीत रोप वाढवलं होतं, चांगलं कमरेइतकं. खड्डा मी खणला, माती त्यांनी लोटली, मेयरने गळ्यातली हुद्द्याची सोन्याची चेन सावरत टाळ्या वाजवल्या. दगडी पाटी बसली: शांतिवृक्ष, चेरी.

मग बाई तीन मिनिटं बोलल्या. अणुबॉम्ब म्हणजे मला नुसता मोठा बॉम्ब वाटायचा. बाईंचं इंग्रजी ग्लासगोचं, माझं देवगडचं, त्यामुळे निम्मं मला शालिनीने नंतर समजावलं. बाई तेव्हा सहा वर्षांच्या, आजीकडे डोंगरापलीकडच्या खेड्यात. आई सकाळी शहरात गेली होती, सरकारच्या सक्तीच्या कामाला. आगी पसरू नयेत म्हणून ओळीच्या ओळी घरं पाडायचं काम ते. आधी उजेड झाला, मग आवाज. नंतर आभाळातून जळके कागद पडायला लागले, वह्यांची पानं, ऑफिसचे कागद. ते झेलायला गावची पोरं शेतात धावली, बाईही धावल्या. मजा वाटली, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग रस्त्याने माणसं यायला लागली, पाणी मागत, अंगावरची कातडी लोंबत असलेली, आणि खेळ थांबला. आई त्यांच्यात नव्हती. नंतरही कधी सापडली नाही.

घरी येताना शालिनी एकच बोलली. म्हणाली, त्या शहरातले डॉक्टर-नर्सच मेले किंवा जखमी झाले, मग भाजलेल्यांनी जायचं कुणाकडे? घरी आल्यावर तिने भांडी धुतली, तीही आधी धुतलेली.

झाड दोन वर्षं छान वाढलं, माझ्या डोक्याएवढं झालं. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये पानं पिवळी पडायला लागली. आता इंग्लंडमध्ये झाड पिवळं पडलं तर माळ्याने फॉर्म भरायचा असतो. मग झाडांचा साहेब येतो, तो दुसरा फॉर्म भरतो, आणि तोवर झाड स्वतःचा निर्णय घेतं. मी मनात म्हटलं, आपण कोकणातले. आमच्याकडे माड पिवळा पडला तर वडील काय करायचे? आळं करायचे आणि बुंध्यात मीठ घालायचे. माड वर्षभरात हिरवागार.

पार्काच्या गेटाशी पिवळी पेटी असते, थंडीत बर्फ पडला की रस्त्यावर टाकायचं खडेमीठ तिच्यात असतं. मी चेरीला झक्क आळं केलं आणि त्या मिठाची तीन फावडी घातली. वर बादलीभर पाणी. वडिलांची आठवण येऊन डोळ्यात पाणीही आलं, तेही खारटच.

दहा दिवसांत झाडाची काटकी झाली.

शालिनीला आणून दाखवलं. चिडली की ती मालवणीत जायची. म्हणाली, "ह्यां काय केलात? शत्रूने टाकलेल्या बॉम्बातून त्या बाई वाचल्या, आणि त्यांचं झाड तुम्ही मारलंत." मी म्हटलं, माडाला चालतं. ती म्हणाली, हा माड आहे का?

सहा ऑगस्टला तीन आठवडे होते. बाई ग्लासगोहून येणार, त्यांच्या गावचं एकुलतं झाड काटकी होऊन उभं. नोकरी गेली असती तर गेली, त्याची मला भीती नव्हती. पण आई गेलेल्या बाईला मी काय सांगायचं होतं? शालिनीचं म्हणणं सोपं होतं, सांगून टाका. मी म्हटलं, आधी झाड लावू, मग सांगू.

रविवारी मेट्रोपॉलिटन लाइनने वरच्या बाजूला एका कार बूट सेलला गेलो. तिथे लोक गाडीच्या डिकीतनं जुनं सामान विकतात. एक माणूस कुंड्या मांडून बसला होता. डोक्याएवढं झाड, तसाच बांधा, तशीच पानं, मला वाटली. चेरीच आहे म्हणून त्याने आईची शपथ घेतली. परत येताना ट्रेनमध्ये शालिनी सीटवर, मांडीवर कुंडी, आणि फांद्या शेजारच्या साहेबाच्या पेपरात. त्याने पान उलटताना एक फांदी हळूच बाजूला केली आणि सॉरी म्हणाला. झाडाला म्हणाला. एका मुलीने विचारलं कुठे नेताय, तर शालिनी म्हणाली, "इंटरव्ह्यूला."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता खारट माती तीन ढकलगाड्या भरून काढली, नवी भरली, झाड लावलं. जुन्याचा मशीनमध्ये भुसा केला आणि नव्याच्याच बुंध्यात पसरला. म्हणजे बाईंच्या गावचं काहीतरी तिथे राहिलं, अशी मी माझी समजूत घातली.

सहा ऑगस्टला बाई आल्या. झाडापाशी गेल्या, खोडावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. शालिनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नाडी बघतेय की पळू देत नाहीये, कळेना. बाई मागे वळल्या, माझ्याकडे बघून वाकल्या आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. आम्हीही वाकलो. कमिटीतल्या कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण भूगोलवाल्यांना नद्या कळतात, झाडं नाही. शिवाय फुलं येतात एप्रिलमध्ये आणि कमिटी येते ऑगस्टमध्ये.

घरी चालत येताना शालिनी म्हणाली, "आज नाही सांगितलंत."

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

तीन वर्षांनी, सहा ऑगस्टच्या आदल्या दिवशी मी गवत कापत होतो, तर टोपीवर टप्पकन काहीतरी पडलं. वर बघतो तर झाडाला फळं. लाल, मोठ्या बोराएवढी, शेकड्याने. प्लम. आईची शपथ घेणाऱ्या त्या माणसाला आई नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी शिडीवर आणि शालिनी खाली छत्री उलटी धरून उभी. मी तोडायचो, ती छत्रीत झेलायची. सव्वाआठपर्यंत झाडाला चेरी करायचं होतं. "ते बघा, डावीकडे तीन राहिलेत," "अहो, त्या मेयरच्या खुर्चीवर एक पडलंय," असं ती खालून चालवायची, वॉर्डातल्या सिस्टरच्या आवाजात. त्या दिवशी एक राहिलंच. स्तब्धता पाळताना ते चेअरमनसाहेबांच्या पुढ्यात पडलं. त्यांनी ते बुटाने हळूच गवतात लोटलं आणि डोळे मिटले. माणूस सज्जन आहे.

पुढे तो नेमच झाला. मी रिटायर झालो तरी सहा ऑगस्टला घरची शिडी घेऊन जायचोच. फळांचं करायचं काय, तर शालिनी मेथांबा करायची. कैरीचा करतो तसाच, मेथी, गूळ, तिखट. चेअरमनसाहेबांना ती दर वर्षी बरणी द्यायची आणि ते आम्हाला चीजबरोबर किती छान लागतं ते सांगायचे. शांतिवृक्षाचंच फळ आहे हे त्यांना अजून माहीत नाही. ओकामोटोबाईंनाही एक बरणी द्यायची. मी म्हणायचो, कशाला विस्तवाशी खेळतेस? ती म्हणायची, तोंडाने तुम्ही सांगत नाही, बरणीतून तरी सांगू दे.

एका वर्षी तर कहरच झाला. लहान मुलांनी कागदाचे करकोचे करून झाडाखाली ठेवले होते. स्तब्धतेत सगळ्यांच्या माना खाली, आणि माना खाली म्हणूनच सगळ्यांना दिसलं की कासव आलंय आणि एक करकोचा खातंय. चावल्याचा आवाज येत होता. कुणाला हलता येईना, हसता येईना. मेयरची चेन हलायला लागली. मी बाईंकडे बघितलं, तर टोपी पुढे ओढून त्यांनी तोंड झाकलेलं. मला वाटलं रडतायत. परत येताना मी म्हटलं, बघ, अशा बाईला आणि हे कसं सांगू? शालिनी म्हणाली, "आज पण नाही सांगितलंत. कासवाचं निमित्त."

या फेब्रुवारीत शालिनी गेली. न्यूमोनिया. आयुष्यभर दुसऱ्यांना औषधं वेळेवर दिली, स्वतःला खोकला आहे हे तीन आठवडे सांगितलं नाही. त्याबद्दल मी तिच्यावर अजून रागावलेलो आहे. लोक भेटायला येतात, म्हणतात देवी होती, साक्षात लक्ष्मी होती. मी मान हलवतो. त्यांच्या त्या देवीला मी ओळखत नाही. मी जिच्याबरोबर राहिलो ती टीव्हीचा रिमोट उशीखाली ठेवायची.

या सहा ऑगस्टला जायचं नाही असं ठरवलं होतं. पण पाचला जाग आली. शिडी घेतली, छत्री घेतली. पार्कात कोणी नव्हतं. छत्री उलटी करून खाली ठेवली, वर चढलो, तोडून टाकायला लागलो. नेम लागेना. प्लम छत्रीच्या काठावर आपटून गवतात घरंगळत होते, आणि डावीकडे राहिलेत हे सांगायला कोणी नव्हतं. तिसऱ्या पायरीवर शिडी डुगडुगायला लागली. तेवढ्यात शिडी एकदम घट्ट झाली.

खाली पांढरी टोपी. शहाऐंशी वर्षांच्या बाई दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या.

आता पळणार कुठे? वरूनच मी म्हटलं, "बाई, हे तुमचं झाड नाही. तुमचं मी मारलं. मीठ घालून मारलं. हे प्लम आहे."

"मीठ?" बाई म्हणाल्या.

मग मी शिडीवर उभा राहून त्यांना माड समजावला. कोकण समजावलं, पिवळी पेटी समजावली, ट्रेनमधला इंटरव्ह्यू सांगितला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "खाली या. फळांचं मला माहीत आहे. चेरीच्या सालीवर आडव्या रेघा असतात. हात लावला त्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, पहिल्या वर्षी ग्लासगो येईपर्यंत संतापल्या होत्या. लेकीने दोन वेळा चहा दिला, दोन्ही वेळा तो थंड झाला. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी तक्रारीचं पत्र पर्समध्ये घालून आल्या, पण चेअरमनसाहेबांचं भाषण एवढं लांबलं की परतीची गाडी पकडायला पळावं लागलं. मग एका वर्षी नेहमीची रात्रीची गाडी सोडून ठरवून आदल्या दिवशीच हॅरोला येऊन राहिल्या आणि सकाळी सहाला पत्र द्यायला माझी शेड शोधत आल्या. तर झाडावर मी, खाली एक बाई उलटी छत्री घेऊन मला झापतेय. त्या बोलिंगच्या शेडमागच्या बाकावर बसल्या आणि बघत राहिल्या. त्यानंतर दर वर्षी आदल्या दिवशी येतात, तो बाक धरतात.

"म्हणजे दर वर्षी तुम्ही आम्हाला बघत होता?"

"सव्वाआठचा कार्यक्रम त्यांचा," बाई म्हणाल्या. "सहाचा माझा." मग म्हणाल्या, "या दिवशी सगळे माझ्याकडे दुःखी तोंडाने बघतात. तुम्ही दोघंच घाबरून बघायचात. मला बरं वाटायचं."

मग इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, त्या कुठे आहेत. मी सांगितलं. बाईंनी छत्री उचलली, उलटी धरली आणि म्हणाल्या, चढा. मी चढलो. त्यांना सगळे झेल जमले नाहीत, पण शालिनीलाही कुठे जमायचे. ती सुटलेले माझ्या नावावर घालायची, एवढंच.

कार्यक्रम झाला. भाषणात बाईंनी तीच तीन मिनिटं सांगितली. या वेळी मला सगळं कळलं, शालिनीने समजावून दिलेलं पाठ झालंय म्हणून. नंतर मी त्यांना म्हटलं, घर जवळ आहे, पेज खाऊन जा. तांदळाची पेज म्हटल्यावर त्या थबकल्या. म्हणाल्या, आमच्याकडेही करतात, तिच्याबरोबर मिठात मुरवलेला प्लम लागतो. त्यांच्या आईने त्या जूनमध्ये आजीच्या घरी एक माठ भरून घातला होता. आई गेल्यावर आजी सणाला एकेक द्यायची, दोन वर्षं पुरवले. शेवटचा एक राहिला, त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. तर धाकट्या भावाने एक दिवस तो खाऊन टाकला. आजीने त्याला धोपटला. मग त्याच्या तोंडातून बी काढून घेतलं, धुतलं, आणि स्वतः चोखत बसली. "मी भावाशी वर्षभर बोलले नाही," बाई म्हणाल्या. "कारण मीही त्याच वाटेवर होते. तो आधी पोचला."

मी पेज केली. फ्रिजमध्ये शालिनीची गेल्या ऑगस्टची एक बरणी होती, मागच्या कोपऱ्यात. फेब्रुवारीपासून मी तिच्यापुढे दूध ठेवत होतो, दिसू नये म्हणून. भावाचं ऐकल्यावर ती काढून टेबलावर ठेवली. झाकण उघडेना. गूळ चिकटला होता, आणि शालिनी झाकण लावायची म्हणजे इंजेक्शन देणाऱ्या हाताने लावायची. मी फडक्याने ओढलं, बाईंनी गरम पाणी घातलं, मग त्यांनी बरणी धरली आणि मी झाकण, आणि दोन म्हातारी माणसं स्वयंपाकघरात गोल फिरलो. शेवटी पक्कड आणली. सुटलं तेव्हा मेथीचा वास आला आणि मी जरा सिंककडे तोंड करून उभा राहिलो.

बाईंनी पेजेत चमचाभर घेतला, खाल्ला, विचार केला. मग म्हणाल्या, "दर वर्षी सांगायचं असायचं. फार गोड आहे."

फेब्रुवारीपासून शालिनीला कोणी नावं ठेवली नव्हती. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "गूळ. तिचा हात सैल होता. चाळीस वर्षं बोलायची माझी छाती झाली नाही."

"आणि मेथी जरा करपली आहे," बाई म्हणाल्या.

"करपतेच. फोन आला की ती गॅस विसरायची."

त्यांनी आणखी घेतलं, मीही घेतलं. ग्लासगोची गाडी दुपारची होती, आणि नावं ठेवण्यासारखं बरंच होतं.